री म्हणजे पुन्हा, बास

३ नोव्हेंबर
मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. इंग्रजीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, सहावीचं इंग्रजी उद्यापासून मी घ्यायचं. मी म्हटलं, अहो, मी ड्रिलमास्तर. त्या म्हणाल्या, तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. चला, गुणाची कदर झाली. याच महिन्यात तपासनीस बाई येणार, माझा तास बघणार. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्यावर ठरणार. घाबरण्यासारखं काही नाही. जेवण गेलं नाही, पण ते हवामानामुळे.

४ नोव्हेंबर, दुपार
धडा: क्रियापदाआधी लागणारं 'री'. अगदीच सोपं. री म्हणजे पुन्हा. राईट म्हणजे लिहा, रीराईट म्हणजे पुन्हा लिहा. ओपन, रीओपन. फिल, रीफिल. अर्ध्या तासात इंग्रजीचं कंबरडं मोडलं. संकल्प: वर्षअखेरीपर्यंत फाडफाड इंग्रजी.
शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, सर, मग रिमेंबर म्हणजे पुन्हा मेंबर व्हायचं का. मी म्हटलं, तास संपला. घंटा व्हायला अजून वेळ होता.

५ नोव्हेंबर
या मुलीला वर्ग 'चौकशी खिडकी' म्हणतो. उगाच नाही म्हणत. आज रिसीव्ह घेऊन आली. पुन्हा सीव्ह करायचं, तर सीव्ह म्हणजे काय. मी म्हटलं, ते पुढच्या इयत्तेत आहे.
घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, डिक्शनरी बघा की. बघितली. रीची पानंच्या पानं, आणि कितीतरी शब्दांत 'पुन्हा'चा पत्ताच नाही. रिफ्यूज. रिप्लाय. रिग्रेट. मिटून ठेवली. रात्रभर जागाच होतो. गॅसेस असणार.

७ नोव्हेंबर
प्लॅन तयार. घोकंपट्टी नको, कवायत. मुलांच्या गळ्यात पुठ्ठे. कुणी राईट, कुणी ओपन, कुणी फिल. सगळ्यात चपळ पोरगा री. एक छोटी शिट्टी वाजली की री धावत जाऊन शब्दाच्या पुढे उभा. दोन छोट्या वाजल्या की अख्ख्या वर्गानं अर्थ ओरडायचा. लांब शिट्टी म्हणजे रांगेनं मैदानावर, ती नेहमीचीच, तिला हात लावला नाही. मुलं खूश. त्रास देणाऱ्या शब्दांना वर्गबंदी. अळीमिळी गुपचिळी.

९ नोव्हेंबर
सासूबाईंचा फोन. मी कायम झालो असं हिनं माहेरी सांगूनही टाकलंय. मी म्हटलं, झालोच आहे जवळजवळ. फोन ठेवताना दोनदा खाली पडला. जुना फोन, जड आहे.

११ नोव्हेंबर
तपासनीस बाई उद्या येणार. धोका एकच, चौकशी खिडकी. मास्टरस्ट्रोक मारला. स्वागताचं काम तिला देऊन टाकलं. फाटकापासून बाईंना वर्गापर्यंत आणायचं, मग तास संपेपर्यंत दारात उभं राहायचं, जागा सोडायची नाही. पोरगी हरखली. सापही मेला आणि काठीही शाबूत.

१२ नोव्हेंबर, सकाळ
एकदम शांत आहे. शर्टाची बटणं दोनदा चुकली. ही म्हणाली, झोपेत सीव्ह सीव्ह करत होतात.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ
फाटकापासून वर्गापर्यंत यायला बाईंना फार वेळ लागला. वाटेत चौकशी खिडकीनं त्यांना सगळं विचारून घेतलं होतं. रिमेंबर, रिसीव्ह, रिप्लाय, सगळं. दोघींची गाठ मीच घालून दिली, आता दोष कुणाला देणार.
पुठ्ठे, शिट्ट्या, धावाधाव, सगळं बिनचूक झालं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाल्या, या मुलीला रिमेंबरचं मला नीट सांगता आलं नाही, सर, तुम्ही वर्गाला काय सांगता ते ऐकायचंय.
हात आपोआप शिट्टीकडे गेला आणि लांब वाजली. मुलं उठली, रांग धरली, पुठ्ठ्यांसकट मैदानावर निघून गेली. री सगळ्यात पुढे. शिस्त म्हणजे शिस्त.
वर्गात उरलो बाई आणि मी. दारात चौकशी खिडकी, तिला जागा सोडायची नव्हती ना. ती जवळ आली नाही, तिथूनच हळू म्हणाली, सर, येत नसेल तर येत नाही म्हणा, आम्हाला चालतं.
मी बाईंना म्हटलं, मुलांना कोवळं ऊन लागतं. तेव्हा भर दुपार होती.

१४ नोव्हेंबर
निकाल मुख्याध्यापिकाबाईंनी तोंडी सांगितला. शिस्त उत्तम. कायम करायचं पुढच्या वर्षी बघू. सहावीचं इंग्रजी माझ्याकडेच, कारण दुसरं कुणी नाही. सासूबाईंना हिनंच कळवलं. एका अर्थी बरंच झालं, तयारीला अख्खं वर्ष मिळालं. संकल्प: सोमवारी वर्गात उभं राहून स्पष्ट सांगायचं, रिमेंबरचं मला माहीत नाही. त्यात काय एवढं.

सोमवार, दुपार
वर्गात गेलो. खडू हातात घेतला. सांगायला तोंड उघडलं, तर सगळ्यांनी वह्या उघडल्या आणि लिहून घ्यायला माझ्याकडे बघत बसले.
मी म्हटलं, स्वाध्याय करा. तास संपेपर्यंत खुर्चीवर बसून राहिलो. भीती वाटत होती, त्या मुलांची. लिहून ठेवतो, इथे कोण वाचतंय.