वन्सं डोंगरात धावायच्या

प्रिय वन्सं,

काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले, मागून आणलेली पातेली परत गेली, आणि आज सकाळी चहा घेतल्या घेतल्या मी लिहायला बसले. काल ऐकलेलं काही केल्या घशाखाली उतरत नाहीये.

जो तो उठून तुमच्या त्यागाबद्दल बोलत होता. वडील गेले तेव्हा कॉलेजातली पोर, शिक्षण सोडून नोकरी धरली, दोन भावांना वाढवलं, त्यांची लग्नं लावून दिली, स्वतःचं मात्र राहून गेलं. 'चंदनासारख्या झिजल्या हो!' असं कोणीतरी म्हणालं आणि मला हसू फुटलं. पदर तोंडाला लावला, लोकांना वाटलं रडतेय. अहो, झिजले ते तुमचे कॅनव्हासचे बूट! पार तळ निघेपर्यंत झिजले. त्याबद्दल एक जण तरी बोलला का?

म्हणून मीच बोलते. तुमच्याशीच.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. तुम्ही चव्वेचाळीसच्या, मी तुमची भावजय, छत्तिशीतली. तुम्ही टेलिफोन खात्यात ऑपरेटर. दिवसभर लोकांची बोलणी जोडून द्यायच्या आणि घरी आल्यावर गप्प बसायच्या. धाकट्या भावजींनी तेव्हा नुकताच डोंबिवलीत ब्लॉक घेतला होता. ठाण्यात कोपरीच्या घरात उरलो तुम्ही, सासूबाई, हे, मी आणि आमचा शाळेत जाणारा मुलगा. एक दिवस तुमच्या ऑफिसच्या बोर्डावर डोंगर चढणाऱ्या पोरांच्या एका गटाचा कागद लागला. मलंगगडाच्या पायथ्यापासून डोंगरदौड, पंचवीसेक किलोमीटर. खाली लिहिलेलं, 'वयाची अट नाही.' तेवढं एक वाक्य तुम्ही घरी घेऊन आलात!

पहिल्या दिवशी साडी खोचून आपल्या गल्लीतून धावत निघालात, तर समोरच्या काकू मागून धावल्या. "अहो ताई, कोण गेलं? कुणाला काय झालं?" तुम्ही सांगताय काही नाही, काही नाही, आणि त्या रडायलाच लागल्या. घरी येऊन म्हणालात, "सुनंदा, बाईमाणूस धावलं की घरात मयत नाहीतर आग. तिसरं कारण लोकांना माहीतच नाही. उद्यापासून तू चल बरोबर. दोघी असलो की निदान फिरायला चाललोय असं वाटेल."

मी का आले, कोण जाणे. तुम्हाला नाही म्हणायची सवय नव्हती, हेच खरं.

मग पहाटे खाडीकडे, मिठागराच्या बांधावर. तिथे बघायला फक्त बगळे. पंजाबी ड्रेस आपण दोघींनी एकदमच शिवले, तुमचा निळा, माझा किरमिजी. सासूबाई दोन दिवस तुमच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "निळ्यावर मळ कमी दिसतो." झालं, मिळाली परवानगी! हे मात्र रोज विचारायचे, "ताई, कोण लागलंय गं तुझ्या मागे?"

बांधावर दम टिकायला लागला तसं रविवारी येऊरच्या डोंगरात जायला लागलो. गळ्यात मुलाची शाळेची वॉटरबॅग, पिशवीत गूळ-शेंगदाणे. सपाटीवर शहाणी वाटणारी पावलं तिथे दगडांत पार वेडी व्हायची. चढावर माझ्या छातीचा भाता व्हायचा आणि तुम्ही पुढून ओरडायच्या, "थांबू नकोस गं, चाल! चाललं तरी चालतं!" किती वेळा पडलो आपण! गुडघ्यांना हळद लावून तुम्ही सोमवारी ऑफिसला जायच्या आणि विचारलं तर सांगायच्या, मोरीत घसरले.

बारा वर्षं एका घरात राहून आपण काय बोललो होतो? दूध आलं का, रेशन संपलं, मुलाला ताप आहे. येऊरच्या उतारावर तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलंत, की तुम्हाला एकदा एक स्थळ आलं होतं, तुम्हाला आवडलंही होतं, पण भावजींची मॅट्रिक जवळ आली होती. मी विचारलं, "वाईट वाटतं?" तुम्ही एका झुडपाला वळसा घालून धावत राहिलात. मग म्हणालात, "तेव्हा वाटायचं, चढावर दम लागतो ना, तसं. रोज. मग केव्हा कमी झालं कळलं नाही."

मी मागे राहून ओढणीने डोळे टिपले. घाम पुसतेय, असं तुम्हाला वाटलं असेल.

आणि नेमका दौडीच्याच रविवारी भावजींच्या मुलीचं बारसं निघालं! तुम्ही आत्या. नाव तुम्हीच ठेवायचं, आणि सकाळपासून स्वयंपाकालाही तुम्हीच, हे कोणी विचारलंसुद्धा नाही, गृहीतच धरलं होतं. भावजी घरी आले, म्हणाले, "ताई, तू शनिवारीच ये."

"मी रविवारी संध्याकाळी येईन," तुम्ही म्हणालात.

"अगं, मग सकाळचं कोण बघणार?"

"तू बघ. नाहीतर आचारी सांग."

भावजी ह्यांच्याकडे बघायला लागले, हे माझ्याकडे. तुम्ही कपबश्या उचलून आत गेलात. मी पाठोपाठ आले तर तुम्ही धुतलेल्याच कपबश्या पुन्हा धूत होतात. तेव्हाच मी ठरवलं, दौडीला नाव तुमचं एकटीचं द्यायचं नाही, माझंही द्यायचं.

त्या दिवशी पहाटे कल्याण स्टेशनबाहेरून पोरांच्या टेम्पोत बसलो. सगळी विशीतली मुलं. बायका आपण दोघीच. एकाने मला अदबीने विचारलं, "काकू, कुणाला सोडायला आलात?" तुम्ही म्हणालात, "हिला मी सोडते, मला ही सोडते."

पहिला चढ छान गेला. धारेवर वारा होता, खाली शेतं, लांब कल्याणकडची धुरकट पट्टी. खिंडीत उतरताना सुट्या दगडांवरून माझा पाय सरकला आणि घोटा वळला. मी खालीच बसले. तुम्ही मागे आलात, पाय हातात घेऊन दाबून बघितलात.

"मोडलाय?" मी विचारलं.

"नाही. मुरगळलाय."

तेवढ्यात वरून त्या गटाची दोन मुलं धावत आली. त्यांच्याकडे मलम होतं, पट्टी होती. तुम्ही वाटेकडे बघितलंत. मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही जा." आपण म्हणतो तसं म्हटलं हो! समोरच्याने 'छे, तुला टाकून कशी जाऊ' म्हणायचं असतं म्हणून म्हणतो ना, तसं!

तुम्ही म्हणालात, "बरं." आणि गेलात!

मी बघतच राहिले. निळी ओढणी कमरेला बांधलेली, लहान लहान पावलं टाकत खिंड उतरून गेलात. एकदाही मागे वळून बघितलं नाहीत. मला रडू आलं. पाय दुखत होता म्हणून नाही, रागाने. पट्टी बांधणारा मुलगा घाबरला बिचारा. मग समोरच्या उतारावर तुम्ही पुन्हा दिसलात, बोटाएवढ्या. पुढची दोन मुलं दमून बसली होती, त्यांच्या बाजूने तुम्ही पुढे निघालात. मी डोळे पुसले आणि एवढ्या मोठ्याने ओरडले, "वन्सं, चाला! चाला!" तुम्हाला ऐकू गेलं नसणार. मला मात्र बरं वाटलं.

मुलांनी मला आधार देत खाली आणलं, तोवर तुम्ही दौड संपवून देवळाच्या पायरीवर काकडी खात बसला होतात. कितव्या आलात ते दोघींनीही विचारलं नाही. अर्धी काकडी माझ्या हातात दिलीत.

"रागावलीस?"

"हो."

"मीही रागावले असते." काकडीचं टोक झाडीत भिरकावलंत. मग म्हणालात, "पण सुनंदा, तू जा म्हणालीस ना, तेव्हा मला वाटलं, हे कुणी म्हणालंच नव्हतं मला. सगळे ये म्हणतात. ताई ये, ताई लवकर ये."

वन्सं, हे मी काल सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं का? ओठांवर आलं होतं. पण ते आपल्या दोघींचं आहे असं वाटलं.

बारशाला पोचायला दिवेलागण झाली. मी लंगडत, तुम्ही ताठ, कारण तुमचे गुडघे वाकायलाच तयार नव्हते. भावजी फुगून बसलेले. तुम्हाला पाळण्यापाशी बसता येईना, तर शेवटी बाळालाच उचलून तुमच्या तोंडाशी धरलं! तुम्ही तिच्या कानात नाव सांगितलंत आणि बायकांनी 'कुर्रर्र' करत पाठीत धपाटे घातले तशा कळवळून "आई गं!" म्हणालात. वॉटरबॅगच्या पट्ट्याने पाठ सोलली होती. सगळ्यांना वाटलं, आत्याला गहिवरून आलं. आपली नजरानजर झाली आणि मी स्वयंपाकघरात पळाले. तिथे ओट्याशी उभे होते आचारी.

त्यानंतर तुम्ही निवृत्त होईपर्यंत डोंगरात धावलात. माझा घोटा मात्र कायमचा कच्चा राहिला. अधूनमधून तुम्हाला त्यावरून टोमणा मारायचे, तुम्ही ऐकून घ्यायच्या.

एक सांगायचं राहिलं. माझे गुडघे गेलेत, हे तुम्हाला माहीत होतं. डॉक्टर दोन वर्षं मागे लागलेत, ऑपरेशन करून घ्या म्हणून. मी टाळत आले. आधी तुमचं आजारपण, मग नातीचं दहावीचं वर्ष, मग दिवाळी. काल रात्री ह्यांना सांगितलं, मी पुढच्या महिन्यातली तारीख घेतेय. हे म्हणाले, "आणि माझ्या जेवणाचं?"

तुम्हाला शब्द देते, वन्सं, तारीख बदलणार नाही. ह्यांना कुकर लावायला शिकवतेय. आज वरण करपलं. ते आम्ही दोघांनी खाल्लं.

तुमची,
सुनंदा