सुई शांत झाली

मेरीलँड,
९ ऑक्टोबर १९९४

प्रिय ग्रेडी,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, तू मागितले नसलेस तरी. जूनपासून पत्र नाही, त्याबद्दल माफ कर. आळस नव्हता. काय लिहावं, याचीच धास्ती होती.

दर पाच वर्षांनी गुप्तवार्ता खात्यातल्या आम्हा भाषांतरकारांना खोटं पकडणाऱ्या यंत्राला जोडतात, हे तुला माहीत आहेच. जूनमध्ये माझी पाळी होती. छातीला पट्टे, बोटांना तारा, आणि समोर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान परीक्षक. त्याने विचारलं, घटस्फोट कोणामुळे झाला, त्यानंतर बिछान्यात कोण कोण आलं, एकटी असताना काय करता. हेरगिरीशी याचा काय संबंध, असं मी म्हटलं, तर म्हणाला, बाईसाहेब, संबंध आम्ही ठरवतो. मी सगळं खरं सांगितलं. तरी तो दर वेळी बाहेर जायचा, परत येऊन म्हणायचा, सुई हलतेय, काहीतरी राहिलंय. चौथ्या तासाला मी काहीतरी दिलं आणि सुई शांत झाली.

नव्या कामासाठी तुझीही अशीच परीक्षा होणार होती ना? वेगळं काही विचारलं का, ते जरूर कळव. कोरीनला आठवण सांग.

लोभ आहे तेवढा तरी राहू दे.

तुझी,
लेनोर

डेटन, ओहायो,
१७ ऑक्टोबर

प्रिय लेनोर,

नमस्कार आणि तक्रार, दोन्ही. चार महिने गप्प, आणि वर चौकशा.

विचारलं. गेल्या मंगळवारी. नावगाव झाल्यावर परीक्षक थेट म्हणाला, १९८३ च्या मार्चमध्ये आठ दिवस कुठे होतात. मी सवयीने सांगितलं, मासे पकडायला. तो हसत म्हणाला, त्या इस्पितळाच्या आवारात मासे लागतात का. आई गेल्यावर मी मनोरुग्णांच्या इस्पितळात होतो, हे अर्जात लिहिलं नव्हतं. आता खोटं बोलल्याचा ठपका. गोपनीय कामाचा परवाना अडकलाय, आणि परवाना नाही तर नोकरी नाही.

ही गोष्ट तिघांनाच ठाऊक: मला, कोरीनला आणि तुला. तू सोळा वर्षं तोंड बंद ठेवण्याचाच पगार घेतेस. तुझ्यावर संशय घेणं म्हणजे कुलपाने चोरी केली म्हणण्यासारखं. पण ऑगस्टमध्ये माझ्या अर्जासाठी चौकशी अधिकारी घरी आला, तेव्हा मी कामावर होतो. कोरीनने त्याला दोन तास बसवून कॉफी-केक खाऊ घातला. म्हणते, शेजाऱ्यांबद्दल बोललो. दोन तास शेजारी? आता ती फोनवर असली की मी जिन्यात उभा राहून ऐकतो. स्वतःच्या बायकोची पत्रं उजेडाला धरून बघतो. काल तोंडावर सांगितलं, माझ्या घरात खबऱ्या नको. ती एवढंच म्हणाली की मग शनिवारी मी टोलेडोला बहिणीकडे जाते. बंद पाकीट काय, बाई काय, आतलं काही दाखवत नाही. जाऊ दे तिला.

तुझी माया असू दे. घरातली भरवशाची राहिली नाही.

तुझा,
ग्रेडी

मेरीलँड,
२० ऑक्टोबर

प्रिय ग्रेडी,

कोरीनने सांगितलं नाही. मी सांगितलं.

परीक्षकाने विचारलं होतं, जवळच्या कोणाचं काही लपवताय का. माझं स्वतःचं सगळं देऊन संपलं होतं. सुई हलतच होती. मी तुझे आठ दिवस दिले. हा प्रामाणिकपणा होता, असं मी चार महिने स्वतःला समजावते आहे. खरं म्हणजे मला घरी जायचं होतं. तुझा अर्ज त्याच लोकांच्या हातून जाणार, हे लक्षात आलं नाही, असं इथे लिहून मी खोडलं आहे. आलं होतं.

मागच्या पत्रात मी काय दिलं ते लिहिलं नाही. तुझ्यापर्यंत पोचलं का, एवढंच तुझ्याकडून काढून घेऊ पाहिलं. त्या परीक्षकाची रीत मी बरी उचलली.

तुझ्या वरिष्ठांना हवं तर मी सही करून लिहून देईन की हे बहिणीने सांगितलं आणि तू इस्पितळातून बरा होऊन आलास. नोकरी वाचेल की नाही, मला माहीत नाही. पण हे पत्र तुला सोमवारी मिळेल, आणि कोरीन शनिवारी निघते. आमचे फोन ऐकले जातात, म्हणून आपण पत्रं लिहितो, हे मीच तुला शिकवलं. ऐकू देत.

माझ्यासाठी लोभ मागत नाही. तिच्यावर असू दे.

तुझी,
लेनोर

ता. क. उद्या, शुक्रवारी, तू कामावर गेलास की मी कोरीनला फोन करणार आहे.