क्षचा वर्ग मोठा, की क्ष?

१२ जुलै

दादाशी भांडले. तेही त्याच्या क्लासमध्ये मी शिकवते त्या वर्गाच्या दारात, मुलांदेखत.

प्रश्न एवढासा. क्ष शून्यापेक्षा मोठा. 'अ' म्हणजे क्षचा वर्ग, 'ब' म्हणजे नुसता क्ष. मोठं कोण? दादाच्या छापील उत्तरात – अ. दोन घेतले तर बरोबर, वर्ग चार. पण अर्धा घ्या की! अर्ध्याचा वर्ग पाव. म्हणजे कधी अ मोठा, कधी ब. खरं उत्तर – 'ठरवता येत नाही'. निवड-परीक्षेत शिंप्याच्या मुलीने तेच लिहिलं, आणि त्या एका गुणाने तिची खास तुकडी हुकली. फी माफ असते ती त्याच तुकडीला.

"क्लास माझा आहे, उत्तरही माझंच राहील," दादा म्हणाला.

"क्लास तुझा. अपूर्णांक तुझे नाहीत."

१३ जुलै

आई सुरू झाली. "नवऱ्याचं घर सोडून आलीस, तेव्हा यानेच आसरा दिला. आता त्याच्याच अन्नात माती कालवतेस?"

आसरा कसला – सकाळ-संध्याकाळ शिकवून घसा बसतो माझा. वहिनी भांडी विसळत होती. दिवसभर क्लासचं ऑफिस सांभाळते, घरी आली की कामाला जुंपलेली. आमचं ऐकताना एकच ताट तिने दोनदा विसळलं.

१५ जुलै

प्रश्न फळ्यावर पुन्हा लिहिला. म्हटलं, क्ष तुम्हीच निवडा. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "एक." मग तर दोन्ही सारखेच! हशा पिकला.

दादा मागे कधी येऊन उभा राहिला, कळलंच नाही. त्याने डस्टर घेऊन फळा पुसला. "उद्यापासून येऊ नकोस."

सगळ्यांसमोर. रडू मात्र आलं नाही.

१६ जुलै

तरीही गेले. दादा बाहेरगावी, माझ्या वर्गाला कुलूप. जिन्यात बसून शिकवलं.

शिंप्याची मुलगी थांबली. "मॅडम, माझ्यामुळे गेली ना तुमची नोकरी?"

"तुझ्यामुळे नाही गं. त्याच्या हट्टामुळे. आणि मीही त्याचीच बहीण आहे."

१८ जुलै

खास तुकडीची सुधारलेली यादी दारावर लागली आहे. शिंप्याच्या मुलीचं नाव आहे. दादा अजून परतलेला नाही. खाली सही – वहिनीची.

"वहिनी, अगं हे काय केलंस?"

तिने माझ्या वर्गाचं कुलूप काढलं. "आता त्याला कामावरून काढायचंच तर दोघींना काढू दे."