तुरटीचे बारा खडे

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. शूटिंगच्या जागी फोन लागत नाही. आठवड्यातून एकदा टपालाची गाडी येते, तेव्हा पूर्वी मामाकडे राहायला गेलो की लिहायचो तसं पत्र लिहीत जाईन. तुला उत्तर लिहावं लागेल, सुटका नाही.

सिनेमा हिऱ्यांवरचा आहे, पण दागिन्यांच्या दुकानातला नव्हे. ज्या हिऱ्यांच्या जिवावर लढाया चालतात, त्यांचा. नदीकाठी खाण आहे, बंदूकवाले येतात, गावातल्या पुरुषांना खडी धुवायला जुंपतात. एक बाई आपल्या नवऱ्याला शोधत या खाणीवरून त्या खाणीवर फिरते, एवढीच गोष्ट. पण वाचताना मी दोनदा उठून बाहेर फेरी मारून आलो. आणि अशी लढाई या भागात अकरा वर्षांपूर्वी खरीच होऊन गेली आहे.

अडलंय ते माझं. सिनेमाला लागणारं सामान जमवणारा, म्हणजे प्रॉपर्टीवाला मी, त्यामुळे हिरे आणायचे मी. काचेचे तुकडे घासून नेले, तर दिग्दर्शकबाईंनी विचारलं की कुणाचं झुंबर फोडलंत. चारचौघांत माझी छान शोभा झाली. त्यांना कॅमेरा जवळ नेला तरी खरा वाटेल असा कच्चा हिरा हवाय. तू तीस वर्षं कच्चे हिरे निवडण्यात डोळे घालवलेस. मी लहानपणी तुझ्या टेबलाखाली बसून सगळं ऐकलं, पण लक्षात काही राहिलं नाही. काहीतरी सुचव.

तुझ्या रागासकट तुझी माया हवी असलेला,
टिल्लू


२ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

चाळिशी आली तरी सही टिल्लू अशीच करतोस, बरं वाटतं. सोबत डबा पाठवते आहे. त्यात बारा खडे आहेत, आणि बाराही तुरटीचे आहेत. हसू नकोस.

कच्चा हिरा चमकत नाही, हे तुला टेबलाखाली शंभरदा सांगितलं होतं. तो साबणाच्या उरलेल्या तुकड्यासारखा दिसतो, मळकट आणि ओशट. पण चांगला दगड असला तर त्याला आठ सपाट बाजू असतात, दोन पिरॅमिड बुडाशी चिकटवावेत तशा. आणि तुरटीचा खडा पाण्यात दोऱ्याला टांगून सावकाश वाढवला, तर तोही नेमका असाच वाढतो. तुमच्या घरच्या मुरंब्याच्या चार बरण्या अडवून तीन आठवडे हाच उद्योग केला. तुझी बायको रोज येऊन बरण्यांत डोकावायची आणि आज किती वाढले म्हणून विचारायची, जणू मी कोंबड्या पाळल्यात.

एक गोष्ट डोक्यात नीट ठेव. हे खडे पाण्यात घालायचे नाहीत. नदीत खडी धुण्याचा प्रसंग आहे म्हणालास, तिथे काच वापर. तुरटी विरघळून जाईल आणि तुझी पुन्हा शोभा होईल.

आता निवडायला बसले की बोटं थरथरतात, म्हणून काम सोडून दोन वर्षं झाली. पण हे बारा खडे हातात घेतले आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू. आपल्या नेहमीच्या पुड्यांत बांधले आहेत, आत निळा कागद असतो त्या. पुडी उघडायची पद्धत तरी विसरला नसशील.

तब्येतीला जप आणि मला आठवत राहा.
तुझी,
ताई


६ एप्रिल

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या हाती कधी आणि कुठे पडेल कोण जाणे. परवा तुमच्या मॅनेजरचा फोन आला, की तपासणी नाक्यावर तुला कच्च्या हिऱ्यांसकट धरलं आणि कोठडीत ठेवलं. पुढचं ऐकू येईना, मग फोनच तुटला. तेव्हापासून तुझी बायको माझ्याकडे येऊन बसली आहे. आम्ही दोघी एकमेकींना धीर देतो आणि दोघींचाही एकमेकींवर विश्वास नाही.

काल दुपारी जेवायला बसले आणि घास हातातच राहिला. मला आठवलं, की प्रत्येक पुडीवर मी वजन लिहिलं आहे. तीन पूर्णांक वीस कॅरेट, पांढरा, स्वच्छ. चार पूर्णांक पाच, कोपऱ्यात डाग. अरे, तुरटीवर. कुणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षं पुडी मिटली की हात वजन लिहितो, तसं लिहून गेला. आता त्या भागात, जिथे परवान्याशिवाय हिरा बाळगला तर वर्षानुवर्षं तुरुंगात घालतात, तिथे तू सराईत हातांनी बांधलेल्या बारा पुड्या घेऊन फिरतोयस. तुला मीच अडकवलं.

त्यांना सांग, एक खडा पाण्यात टाका. हिरा असेल तर जन्मभर तसाच राहील. एवढंच सांग, जास्त बोलू नकोस, तू घाबरलास की तुला विनोद सुचतात. मी रागावले नाही. घरी ये.

तुझी,
ताई


१४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुटल्याचं तुम्हाला फोनवरून कळलंच आहे. तुझं सहा तारखेचं पत्र आज, म्हणजे मी बाहेर येऊन आठ दिवसांनी, गाडीतून आलं. सल्ला अगदी बरोबर होता, फक्त मी तो आधीच तुझ्या आधीच्या पत्रातून उचलला. तेव्हा आता सगळी हकिकत.

शूटिंगला जाताना नाक्यावर साहेबाने पहिलीच पुडी उघडली आणि वरचं वजन वाचून उभाच राहिला. मी म्हणालो की सिनेमाचं सामान आहे. तो म्हणाला, सिनेमावाले कोपऱ्यातला डाग लिहीत नाहीत. तुरटी आहे हे सांगून त्याला पटेना, म्हणून मी एक खडा चटकन तोंडात टाकला, की चव बघा, तुरट आहे. ताई, दोघा शिपायांनी झडप घालून माझा जबडा असा धरला की अजून चावताना दुखतो. इथे चोरटे हिरे गिळतात म्हणे. मी त्यांच्या डोळ्यांदेखत पुरावा गिळायला निघालो होतो. मग रीतसर कोठडी.

तिथे आधीपासून एक म्हातारबा होते, खाणीवर खडी धुण्यात आयुष्य गेलेले. त्यांच्या सदऱ्याच्या शिवणीत एक दगड सापडला होता. अकरा वर्षांपूर्वी बंदूकवाले खाणीत शिरले, तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाने तो त्यांच्या मुठीत कोंबला आणि तू पळ, मी यांना अडवतो म्हणाला. हे पळाले. तो परत आला नाही. तो दगड विकावा तर भावाचा जीव विकल्यासारखं वाटे, आणि फेकावा तर जीव फुकट गेल्यासारखं. म्हणून अकरा वर्षं शिवणीत. सदरा फाटला की दुसऱ्या सदऱ्यात.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब चहा पीत होता. मी हात जोडून म्हणालो की एक खडा कढत पाण्याच्या पेल्यात टाका, मला हातही लावायला देऊ नका. त्याने टाकला, ढवळला. नाक्यावरची सगळी माणसं पेल्याभोवती जमली. आधी कोपरे गेले, मग बाजू गेल्या, आणि चहा निवेपर्यंत आत वाटाण्याएवढी गोटी उरली. साहेबाने बोट बुडवून चाटलं, तोंड वाकडं केलं आणि इतका हसला की ठसका लागला. दाढीला लावायला दोन खडे ठेवून घेतले. मला सोडलं. मीही खोटं खोटं हसत होतो, हे तुझ्यापासून लपवत नाही.

पुड्या हिरे निवडणाऱ्या बहिणीने बांधल्यात हे मी सांगितलं होतं, म्हणून मग त्याने म्हातारबांचा दगड माझ्यासमोर ठेवला. तुमच्या घरी एवढं कळतं तर हा बघा, म्हणाला. मी भीतभीत हातात घेतला. बाजू मोजल्या, तर दांडीसारख्या उभ्या सहा. तू शिकवलेलं तेवढं ऐनवेळी आठवलं, तोंडाने हा करून दगडावर वाफ सोडली. हिऱ्यावरची वाफ लगेच उडते, इथे तशीच बसून राहिली. पुन्हा सोडली, पुन्हा बसली. ती गारगोटी होती, ताई. मला सांगवेना, पण सांगितल्याशिवाय ते सुटत नव्हते. दुपारी सरकारी पारखी आला, त्यानेही तेच सांगितलं. गारगोटी बाळगायला परवाना लागत नाही.

म्हातारबांनी दोनदा विचारलं, नक्की ना. मला वाटलं, दगड तिथेच टाकून जातील. पण त्यांनी तो साहेबाकडून मागून घेतला आणि सुई आहे का विचारलं. प्रॉपर्टीवाल्याकडे सुई असतेच. माझ्यासमोर त्यांनी तो परत शिवणीत टाकला. म्हणाले, दिलाय माझ्या भावाने.

आता ते रोज शूटिंगवर येतात. खडी धुवायची चाळणी कशी फिरवायची ते नटीला त्यांनीच शिकवलं. एका प्रसंगात मोठा हिरा सापडतो आणि सगळे नाचतात, तो बघून ते म्हणाले की असं कुणी नाचत नाही. ज्याला सापडतो तो मूठ मिटतो आणि आधी कोण बघतंय ते बघतो. दिग्दर्शकबाईंनी काल तो प्रसंग पुन्हा घेतला. कुणी नाचलं नाही. म्हातारबा कॅमेऱ्यामागे बसले होते, आपोआप त्यांचीही मूठ मिटली होती.

पेल्यातली गोटी सोबत परत पाठवतो आहे, तुझ्याच पुडीत.

पुन्हा अडकलो तर सोडवायला तू असशीलच, या भरवशावरचा,
टिल्लू


२५ एप्रिल

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या बायकोने मोठ्याने वाचलं. जबड्यापाशी आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारीण बघायला आली. तू कोठडीत होतास त्या दोन दिवसांत धरून ठेवलेलं रडूही तेव्हाच बाहेर पडलं. आज चारही बरण्या घासून तिला परत दिल्या. घर हलकं झाल्यासारखं वाटतंय. मी चक्क दुपारची झोपले.

पण म्हातारबा काही डोक्यातून जाईनात. तीस वर्षांत माझ्या टेबलावरून किती दगड गेले असतील. मी रंग विचारला, डाग शोधला, वजन लिहिलं. तो कुणाच्या मुठीतून आला हे मी कधी विचारलं नाही. माझं कामच नव्हतं ते, अशी मी समजूत घालून बघितली, पण ती पटत नाही. त्या बारा पुड्यांपायी अडकलेला माझा भाऊ तीन दिवसांत सुटला. त्या एका दगडापायी मागे राहिलेला त्यांचा परत आलाच नाही.

मॅनेजरला विचारून सिनेमा कधी लागतो ते कळव. आम्ही दोघी पहिल्याच दिवशी जाऊ. मला ती मिटलेली मूठ बघायची आहे. आणि जबडा दुखतोय तोवर कडक काही खाऊ नकोस.

लवकर ये. तोवर आहे तेवढी माया पुरवून वापर.
तुझी,
ताई

ता. क. तुझी गोटी आली. मी पुडी उघडली, बघितली, पुन्हा मिटली, आणि हात सवयीने वजन लिहायला गेला. थांबवला. म्हातारबांना त्यांच्या भावाचं नाव विचारून मला कळव. पुडीवरची ती जागा मी मोकळी ठेवली आहे.