आईच्या हातची गाठ

३ नोव्हेंबर १९७४

झिल्बेर्तने आज पुन्हा तेच काढलं. "अगं ओदेत, ती बाटली आण ना एकदा. वास तरी घेऊ दे." सख्खी धाकटी बहीण, नांतेरच्या इस्पितळात पडून आहे. डॉक्टर म्हणाले, नाताळ बघणार नाही. आणि हिला हवं काय, तर अत्तर!

मी म्हटलं, बघू.

४ नोव्हेंबर

बाटली कपाटावरून काढून पुसली. दर सोमवारी पुसते. दुधी काचेचं बूच, त्यावर चोचीला चोच लावलेली दोन कबुतरं. 'लिझिएर' म्हणजे रानाची कड. पहिलं युद्ध संपलं तेव्हा निघालेलं अत्तर. दुसऱ्या युद्धाच्या आदल्या वर्षी आमच्या सुरेन गावातल्या कारखान्याने ते बंद केलं. दक्षिणेतल्या ग्रास गावची फुलं परवडेनात म्हणाले.

पण मी पुसते ती काच नव्हे. बुचावर बैलाच्या आतड्याचं पातळ कातडं ओलं करून ताणायचं, गळ्याशी दोरा गुंडाळून गाठ मारायची. वाळलं की थेंब बाहेर येत नाही. हे आईचं काम. प्रत्येक बाईची गाठ वेगळी, जाणत्या बायका गाठ बघून नाव सांगायच्या. आई जाऊन तीस वर्षं झाली. तिचा फोटो एकच, तोही हललेला. उरली आहे ती ही गाठ.

आणि ती मी कापू?

६ नोव्हेंबर

जुन्या बाजारात बाटल्या विकणाऱ्या मॉस्यू आबादींना विचारलं. ते दचकलेच. "कापू नका हो बाई! आतलं आता हुंगतंय कोण? गाठ शाबूत, तर बाटलीला किंमत." विकायची नाहीच म्हटल्यावर म्हणाले, "मग मला कशाला विचारता?"

खरंच, कशाला विचारलं?

९ नोव्हेंबर

झिल्बेर्तचा राग येतो. आजारी माणसाचा राग येऊ नये, पण येतो.

तो शेवटचा दिवस मला लख्ख आठवतो. 'लिझिएर' बंद होणार, तर कारखान्याने ठरवलं, जिचा वर्षाचा ठरलेल्या बाटल्यांचा आकडा पुरा तिने आपण बांधलेली शेवटची बाटली घरी न्यायची. आईला मिळाली. झिल्बेर्तला नाही. तिचा आकडा वर्षभर तुटीत! गाठी मारायला बसायची आईच्या शेजारीच. मी पलीकडच्या खोलीत बुचं घासून बाटल्यांना बसवायचे, तिथपर्यंत मुकादमीण केनेलबाईंचा आवाज यायचा, "काय गं राणीसरकार, आज तरी हात चालणार का?" लाजेने मान खाली जायची माझी. आणि आई? त्या वर्षी तिची बोटं आखडली होती, जेवताना हातातून चमचा पडायचा. तरी आकडा पुरा! केवढा अभिमान वाटायचा मला.

आणि त्या संध्याकाळी घरी आल्यावर झिल्बेर्त म्हणते कशी, "ती बाटली माझी आहे." आई पाठ फिरवून चुलीकडे वळली. मीच बोलले. "कामाला मागे आणि मागायला पुढे!" त्यानंतर तिने बाटलीचं नाव काढलं नव्हतं, थेट आता आजारपणातच काढलं.

१३ नोव्हेंबर

नर्स सिमोनचा फोन. झिल्बेर्तने दोन दिवस अन्नाला तोंड लावलेलं नाही. लीकच्या पातीचं सूपसुद्धा परत.

उद्या नेते. आई रागावणार नाही.

१४ नोव्हेंबर

नेली. गाठीच्या मागच्या बाजूने दोरा कापला. गाठ सुटू दिली नाही, कातड्यासकट काडेपेटीत ठेवली. झिल्बेर्त नुसती बघत होती. बूच घट्ट बसलेलं. गळ्याभोवती सुतळी पुढेमागे घासून काच गरम केली, बुचाला हळूच टिचकी मारली, निघालं! हात विसरलेले नाहीत.

अत्तर चहासारखं काळपट झालंय. आधी आंबूस वास आला. मी म्हटलं, "गेलं गं, नासलं." ती म्हणाली, "थांब जरा. तुला धीर कधी नव्हताच." रुमालावर थेंब टाकला, आणि मग आला! जाई, ओलं शेवाळ, कारखान्याचा तो लांबलचक हॉल. आईच्या एप्रनला हाच वास असायचा. मी रडले. ती नाही रडली. म्हणाली, "केनेलबाईंच्या मिशा आठवतात का गं?" हसता हसता तिला ठसका लागला.

सूप अर्धं प्यायली.

१७ नोव्हेंबर

बाटलीला नुसतं बूच लावलेलं बघून झिल्बेर्तने मलाच झापलं. "अशीच नेणार? उडून जाईल सगळं. दोरा आण." सिमोनने पातळ रबरी हातमोजा कापून दिला. कातड्याच्या जागी तो ताणून झिल्बेर्तने गाठ मारली. बोटं एकदाही अडली नाहीत. सिमोन म्हणाली, "अय्या, तुम्ही डावखुऱ्या?" झिल्बेर्त म्हणाली, "घरात मी एकटीच. म्हणून माझी गाठ उलटी पडते."

मी तिला पहिल्यांदाच काम करताना बघितलं. कारखान्यात आमच्यामध्ये भिंत होती.

१७ नोव्हेंबर, घरी आल्यावर

काडेपेटी उघडली. बाटलीशेजारी ठेवली.

तीच गाठ. तशीच उलटी. आई उजव्या हाताची होती.

आईचा आकडा ती पुरा करायची. म्हणून तिचा तुटायचा.

उद्या पहिल्या बसने जाते. बाटली तिच्या उशाशी ठेवते. तिचीच आहे.