काकानीलीची चव

१७ फेब्रुवारी, बुधवार

लाडक्या विसरभोळीस,
डोक्यावरून हात फिरवला असं समज.

हे पत्र नाकाला टेकवून वाच, कारण तुझा चष्मा इथे खिडकीत पडला आहे. मागच्या खेपेला छत्री, या खेपेला चष्मा. लग्नाच्या दिवशी नवऱ्याला कुठे ठेवून येऊ नकोस म्हणजे झालं.

मी बोलते आहे आणि शेजारची शिंपीणबाई लिहिते आहे. टाके घालावेत तशी बारीक लिहिते, पण उसवायला सांगितलं की ऐकत नाही. आताच म्हटलं, विसरायची ही खोड पोरीला आजोबांकडून आली. लगेच म्हटलं, तेवढं वाक्य काढ. तर म्हणाली, "आजी, शाईचा टाका उसवत नाही." असू दे.

इथे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, जिना कुरकुरतो, दोघांचं छान जमलं आहे.

तुझ्या अंगठीतल्या खड्याचं सांगते. होणाऱ्या सासूबाई अजून नाक मुरडतात का? त्यांना सांग, नीलम काय, कोणीही घालतं. काकानीली म्हणजे नीलमाचा गरीब काका, नावातच आहे. त्याला कोणी वरच्या खुर्चीवर बसवत नाही, पण रंगात तो पुतण्याला हार जात नाही. फक्त स्वभावाने तिरका. एका बाजूने बघावं तर गडद निळा, कूस बदलली की नुसतं पाणी. म्हणून पैलू पाडायच्या आधी आजोबा कच्चा खडा जिभेने ओला करून खिडकीशी धरायचे, कितीतरी वेळ फिरवत बसायचे. तू परकर सावरत विचारायचीस, "चव कशी आहे?" ते म्हणायचे, "निळी."

मागच्या पत्रात मी लिहिलं, आजोबांच्या पैलू पाडायच्या चाकाचा पट्टा तुटला म्हणून उशीर होतोय. पट्टा धडधाकट आहे. खडा कधीच झाला. आजोबांनी मन लावून घडवला, एकेक पैलू आरशासारखा. सोनाराकडे नेला. त्याने वरून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आजी, ही काच आहे का?"

कूस चुकली, पोरी. निळा सगळा कडेला गेला आणि तोंडावर पाणी राहिलं. उभ्या जन्मात त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. घरी येऊन मी खडा पदराआड केला. त्यांनीच विचारलं, "शोभला ना?"

"शोभला."

"कोणाला?"

बाई लिहायची थांबली आहे. लिही गं, आता झाकायचं काय राहिलं?

आधी वाटलं, थट्टा करताहेत. जन्मभर त्यांची थट्टा मी केली, आता परतफेड चालली असेल. पण परवा भिंतीवरच्या तुझ्या फोटोसमोर उभे होते. म्हणाले, "ही कोणाची मुलगी? हिला निळा शोभेल."

म्हटलं, "आपलीच."

"मग तिला कोणी दिला का नाही?"

मला अजून ओळखतात. निदान माझ्यावर चिडतात तरी. परक्या बाईवर ते कधी चिडले नसते.

तुझ्या चष्म्याच्या डबीत तो खडाही ठेवून पाठवते आहे. सोनाराकडे दुसरी, तयार काकानीली आहे. अंगठीत ती बसव. मला वाईट वाटणार नाही आणि त्यांना कळणार नाही. हा मात्र कधीतरी आडवा धरून बघ. निळा कुठे गेलेला नाही, तिथेच आहे.

लग्नाची वाट न बघता ये. आलीस की नाव सांगत बसू नकोस, आणि "ओळखलं का" हे तर मुळीच विचारू नकोस. त्यांच्या शेजारी बस आणि चव विचार.

तुझी,
अंगठेबहाद्दर आजी

ता. क. खरे खडे मी उचलून ठेवलेत. पण त्यांचे हात स्वस्थ बसत नाहीत, म्हणून खडीसाखर देते. काडीच्या टोकाला लाखेने चिकटवून ती चाकावर धरतात. चाकाला पाणी लागतं, साखर विरघळते, संध्याकाळी काडीवर नुसती लाख. मग विचारतात, "खडा कुठे गेला?" मी सांगते, "नातीला पोचला." की समाधानाने हात धुतात. डबा तळाला आलाय. खडीसाखर पाठव. मोठे खडे निवडून पाठव, जरा जास्त वेळ पुरतात.