सोवळ्याची वायर

४ फेब्रुवारी
आजपासून भ्यायचं नाही. कौस्तुभची जयपूरला बदली झाली आणि घर मिळालं नेमकं झालानाच्या जंगलाला लागून! शेजारच्या मधुमतीजी म्हणतात, परवाच बिबट्यानं, त्यांच्या भाषेत तेंदुआनं, कुत्रं नेलं. आमचा नातू गंधार, माझा लोण्याचा गोळा, कुत्र्याहून तो काय मोठा? कौस्तुभ आणि सूनबाई अमिता ऑफिसात, दिवसभर आम्ही दोघंच. म्हणून फाटकाच्या खांबावर कॅमेरा बसवला. गच्चीवरून एकच वायर गेलीय. तिच्यातूनच वीज जाते, तिच्यातूनच चित्र मोबाईलवर येतं. केवढी सोय! शिवाय वायर उंच, कुणाचा हात लागत नाही. इथं आल्यापासून सोवळ्याचं वाळत घालायला जागाच नव्हती. ठिपक्यांचं पातळ काठीनं तिच्यावरच टाकायचं ठरवलं.

५ फेब्रुवारी
पातळ टाकून आत आले, मोबाईल काळा! बाई गं, आलाच तो. गंधारला घेऊन आतल्या खोलीत कडी लावून बसले. एका हातात लाटणं. संध्याकाळी पातळ काढलं आणि चित्र आपोआप आलं. देवाला नारळ बोलले होते ना.

७ फेब्रुवारी
कॅमेऱ्याचा भैया आला. म्हणाला, माताजी, पावर नहीं पहुँच रही. पिन बदलली. तार पर वज़न मत आने देना, असंही बजावलं. मी म्हटलं, मी इथं असताना माकडाचीही बिशाद नाही. मला आता वायरीतलं बरंच कळतं. तो गेला, मी अंघोळ केली, पातळ टाकलं. पुन्हा काळं! जेवले नाही.

८ फेब्रुवारी
मोबाईलात मागचं चित्र साठतं म्हणे. अमितानं लावलं. वरून काहीतरी पिवळं, काळ्या ठिपक्यांचं, अंगावर धावून आलं आणि अंधार! मी किंचाळले. गल्लीतली दारं धडाधड लागली. कौस्तुभनं जंगलखात्याला फोन केला. गंधार मात्र चित्राकडे हात पसरून खिदळत होता. लेकराला भीती कळत नाही.

९ फेब्रुवारी
दोन गार्ड पिंजरा घेऊन आले. चित्र पाहिलं, मग वर पाहिलं. एकानं पातळाचा पदर धरून विचारलं, माताजी, ये किसका है? सोवळं मोडलं ते वेगळंच. अमिता तोंडाला ओढणी लावून आत पळाली. कौस्तुभनं मागच्या अंगणात उंच दोरी बांधली.
मधुमतीजी भिंतीवरून विचारतात, आंटीजी, तेंदुआ सूख गया?
कॅमेरा चालू आहे. एवढ्या सगळ्यांत आजीला ओळखलं होतं एकट्या गंधारनं.